पाच बोटांची मोटार

आमच्या घरमालकांचा रंगाऱ्यांवर दात होता. भिंती रंगवणारा असो, टांगे रंगवणारा असो की दुकानांच्या पाट्या रंगवणारा असो, रस्त्यात डबा आणि कुंचला घेऊन चाललेला माणूस दिसला की ते छत्री आडवी धरून पलीकडच्या बाजूने जात. "मास्तर, चांगल्या वस्तूचं वाटोळं करायला आग लागत नाही की पूर लागत नाही," असं ते मला सांगत, "रंगाचा एक हात पुरतो."

हे तत्त्व ते घरालाही लावत. मी तेव्हा सोलापुरातल्या एका हायस्कुलात नुकताच मास्तर लागलो होतो आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको भाड्याने राहत होतो. त्या खोल्यांना मालकांच्या लग्नानंतर चुना लागलेला नव्हता. चहाच्या कपात भिंतीचा पोपडा पडला म्हणून मी एकदा तक्रार केली, तर त्यांनी तो चमच्याने बशीत काढला, उजेडात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मूळचा आहे. जपून ठेवा."

मालक पेशाने वकील. पुढच्या खोलीत त्यांची कचेरी होती, पण वकीलसाहेब कचेरीत कमी आणि अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली जास्त सापडत. त्या छपराखाली त्यांची मोटार उभी असे. दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची, शर्यतीत पळवण्यासाठी म्हणून केलेली. एका गिरणीतला विणकामखात्याचा साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने ती वकिलांना विकली आणि किल्ली हातात ठेवताना एवढंच सांगितलं, की हिला दुसरा रंग देऊ नका. साहेबाने ते जाता जाता सहज म्हटलं असेल. आमच्या वकिलांनी त्याचा गुरुमंत्र केला.

मोटारीचा मूळ रंग गडद हिरवा होता म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी पाहिली तेव्हा तो रंग वकिलांखेरीज कोणाला दिसत नव्हता. सोलापूरच्या उन्हाने वरचं रोगण पांढुरकं पडून तडकलं होतं आणि गाडीवर पीठ सांडल्यासारखी कळा आली होती. दुसऱ्या कोणी सरळ रंग देऊन घेतला असता. वकील म्हणत, "रंग गेलेला नाही, झोपलाय. त्याला उठवायचं." आणि ते त्याला रोज सकाळी उठवत.

हा सोहळा बघण्यासारखा असे. ज्या गृहस्थाने मुंजीनंतर संध्या केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, तो आंघोळ करून, सोवळं नेसून मोटारीपुढे उभा राहायचा. एका वाटीत मलमलीतून चाळलेली विटेची पूड, दुसरीत जवसाचं तेल, तिसरीत मेण, आणि गिरणीतून आणलेला चिंध्या-सुताचा बोळा. तेलात बोळा बुडवायचा, पुडीला टेकवायचा आणि घासायचं. घासायचं ते नाकापासून शेपटीकडे, सरळ. आडवं नाही. गोल तर नाहीच नाही. गोल घासणारा माणूस त्यांच्या लेखी खुन्यापेक्षा वाईट होता, कारण खुन्याचा बचाव ते करत असत.

या वेळात त्यांना शिवायचं नाही असा दंडक होता, पण पक्षकारांना सूट होती. माढ्याकडचा एक शेतकरी बांधाच्या भांडणासाठी आला होता, तो प्रसंग मी माझ्या खिडकीतून पाहिलेला आहे. तो बिचारा पागोटं काखेत धरून सांगतोय, "सायेब, भावानं बांध सरकावला. आता माजं कसं व्हायचं सांगा की." वकील "हं, हं" करत घासताहेत. जरा वेळाने त्यांनी एक बोळा त्याच्या हातात दिला. "बोलता बोलता तिकडचं चाकावरचं झाकण घ्या." शेतकऱ्याने भांडं घासावं तसं गरागरा घासलं. वकिलांनी त्याचा हात धरला, बोळा काढून घेतला आणि अत्यंत दुःखाने म्हणाले, "ज्याला घासायची दिशा कळत नाही, त्याला बांधाची दिशा काय कळणार? तुमचा भाऊच खरं बोलत असला पाहिजे."

"आता गं बया!" तो म्हणाला. "मी मोटार घासाया आलोय व्हय हितं?" आणि तो तडक शेजारच्या गल्लीतल्या वकिलाकडे गेला. असे बरेच जण शेजारच्या गल्लीत गेले. त्या वकिलांचा धंदा चांगला चालायचं कारण आमच्या छपराखाली उभं होतं.

टांगे रंगवणारा एक मियाँ मात्र हार खाणारा नव्हता. तो दर ईदेनंतर फाटकाशी यायचा. "वकीलसाब, क्या घिसते बैठे? दो हात मारतूं, नवी नवरी निकलती देखो. बाजू में दो मोर भी डालतूं, मोर के पैसे नक्को." मोर ऐकलं की वकिलांच्या अंगावर काटा यायचा. ते गाडीवर पांघरूण ओढून घेत आणि तो दिसेनासा होईपर्यंत पांघरुणावर हात ठेवून उभे राहत.

मग स्वदेशीचे दिवस आले. गल्लीतले स्वयंसेवक घरोघर विलायती कापड गोळा करत आमच्या फाटकात येऊन उभे राहिले. वकिलांनी स्वतःहून आपला काळा कोट दिला, टोपी दिली. तेवढ्यात एकाने छपराकडे बोट दाखवलं. वकिलांनी त्याला कोर्टात उभं राहावं तसं उत्तर दिलं. "जवस बार्शीकडचा. वीट इथल्या कुंभाराची. मेण करकंबचं. घाम माझा. आता सांगा, यात विलायती काय उरलं?"

"मोटार की!" तो पोरगा म्हणाला.

वकिलांनी त्याच्याकडे नीट पाहून त्याला कायद्याचा अभ्यास कर असं सुचवलं. मोटार वाचली. तिच्यावरचं मँचेस्टरचं पांघरूण मात्र त्या संध्याकाळी चौकात जळालं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर काकूंचं एक इरकली लुगडं होतं.

काकू म्हणजे वकिलांची बायको. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. मराठी उत्तम बोलत, पण राग आला की कानडीत शिरत आणि राग जाईपर्यंत बाहेर येत नसत. नेसायच्या लुगड्याचं मोटारीला पांघरूण झालं त्या दिवशी त्या बराच वेळ कानडीत होत्या.

त्यांना मोटारीचा राग येण्याचं खरं कारण लुगडं नव्हतं. मोटार अंगणात आली त्या दिवशी काकूंनी नवऱ्याला विचारलं होतं, "हिच्यातून मला आईकडे नेणार का?" आणि वकिलांनी शब्द दिला होता, की मूळ रंग वर आला की पहिली फेरी तुझ्या माहेरी. काकूंना त्यात बसायची हौस होती असंही नाही. त्यांची आई खेड्यात एकटी होती, डोळ्यांनी अधू होत चालली होती, आणि गावात कधी मोटार आलेली नव्हती. आपली लेक मोटारीतून उतरलेली आईने पाहावी, एवढं त्यांच्या मनात होतं. आणि रंग काही वर येत नव्हता. काकू अधूनमधून विचारत, "अहो, यंदा तरी?" वकील बोटाने पत्रा चाचपत म्हणत, "आलाय जवळ." आमच्या घरात येऊन काकू एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "मूळ रंग वर येईतो आई वर जायची बघा." म्हणाल्या हसत, पण पदर डोळ्याला लावला.

मला वकिलांचा तेव्हा फार राग येई. आगगाडीने जाते म्हटलं तर ते काकूंना हवं तेव्हा पाठवतही. पण मोटार काढायची म्हणजे धूळ, धूळ म्हणजे ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे मूळ रंगाला इजा. स्वतः ते परगावी जायचं झालं तर भाड्याच्या सर्व्हिस मोटारीत कोंबड्यांच्या पाट्यांशेजारी बसून जात.

असेच ते एका नवरात्रात करकंबला गेले. तिथल्या बाजारात नवीन काढलेलं, भेसळ नसलेलं मेण आलंय असं त्यांना कळलं होतं. जायच्या आधी त्यांनी मोठं काम उरकलं होतं. बॉनेटवरचं शेवटचं रोगण घासून काढलं होतं, खालचा हिरवा खरोखरच दिसायला लागला होता (मी पाहिला, नाही म्हणणार नाही), आणि त्या उघड्या रंगाला त्यांनी जवसाचं तेल पाजलं होतं. ते सुकलं की त्यावर करकंबचं मेण चढायचं होतं.

आणि मध्येच आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे घरातली कामाची वस्तू पूजेवाचून राहत नाही. काकूंनी विळी पुजली, पाटा-वरवंटा पुजला, वकिलांची कायद्याची पुस्तकं पुजली. मोटारीला दरवर्षी लांबूनच ओवाळायचं असा वकिलांचा हुकूम होता, चाकावर एक झेंडू ठेवायला परवानगी होती. पण त्या दिवशी वकील करकंबात होते, आणि माझी बायको म्हणते त्याप्रमाणे काकूंच्या मनात आलं, की देवाला न विचारता इतकी वर्षं घासली म्हणूनच घासण्याला यश येत नाही. त्यांनी हळद कालवली. तेलकट पत्र्यावर पाण्यातली हळद ठरेना, तेव्हा तेलात कालवली, आणि समोरून दिसेल अशी बॉनेटवर पाच बोटं ओढली. हळदीवर पुन्हा कुंकवाची पाच बोटं. झेंडूची माळ घातली आणि नमस्कार केला.

वकील दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मेण घेऊन आले. माळ काढली. अंगठ्याने पुसलं. फडक्याने पुसलं. मग ते मोटारीच्या पायरीवर बसले. ज्या जवसाच्या तेलाची ते आम्हाला थोरवी सांगत, की एकदा मुरलं की दगड होतं, ते मुरलं होतं, आणि आपल्याबरोबर हळदकुंकूही घेऊन मुरलं होतं. पाच लालपिवळी बोटं थेट रंगात गेली होती. ती काढायची तर एकच रस्ता होता: तिथला हिरवा तळापर्यंत घासून टाकायचा.

बराच वेळ बसून ते उठले आणि विटेच्या पुडीची वाटी घेऊन आले.

नेमक्या त्याच वेळी गल्लीतल्या बायका सोनं द्यायला फाटकातून आत आल्या. पुढे होत्या समोरच्या विणकराच्या घरातल्या अक्का, तेलुगू बाई, आवाज मागापेक्षा मोठा. वकिलांच्या हातातला बोळा कुंकवापाशी पाहून त्यांच्या हातातली आपट्याची पानं खाली पडली.

"अय्यो! वकीलसायेब, काय करताव हे? सवाशिनीनं लावल्यालं कुंकू पुसता व्हय? तुमी? तुमच्या हातानं?"

तेव्हा कुठे वकिलांच्या ध्यानात आलं, की आपण काय करायला निघालो आहोत. पण वकील तो वकील. ते म्हणाले, "बाई, कुंकू कपाळावरचं असलं तरच ते सौभाग्याचं. हे लोखंडी पत्र्यावर आहे. तेव्हा हे कुंकू नसून डाग ठरतो."

हा युक्तिवाद बायकांना मान्य झाला नाही. गलका झाला. एक म्हणाली, नवऱ्यानं स्वतःच्या हातानं पुसलेलं आजवर कोणी ऐकलंय का. दुसरी रडायलाच लागली. मी मास्तर म्हणून शांतता राखण्यासाठी पुढे झालो आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन मागे आलो.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. सगळ्यांना वाटलं आता कानडी सुरू होणार. पण त्या मराठीतच, अगदी हळू बोलल्या. "पुसा की. तुमची मोटार, तुमचा रंग. मी नाही म्हणत नाही. फक्त आधी मला आईकडे नेऊन सोडा, हिच्यातूनच, आणि तिच्यासमोर पुसा. ती काय ते बघेल."

वकिलांनी गल्लीकडे पाहिलं, बोळ्याकडे पाहिलं. बायको सोडून ते कोणत्याही न्यायाधीशापुढे अपील करू शकले असते. त्यांनी बोळा वाटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लांब नाकाची मोटार खोकत खोकत फाटकाबाहेर पडली, आणि तिच्यात डोक्यावरून पदर घट्ट धरून काकू बसल्या होत्या. अख्खी गल्ली बाहेर होती. मियाँसुद्धा डबा खाली ठेवून बघत होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काकूंनी आमच्या घरी बसून सांगितलं ते असं. मेण न चढलेल्या त्या गाडीने अक्कलकोटच्या रस्त्यावरची सगळी धूळ अंगावर घेतली. गावात पोचली तेव्हा ती कोणत्याच रंगाची उरली नव्हती. वकील बाभळीखाली तोंड फिरवून बसले. आईला धड दिसत नव्हतं, म्हणून ती दोन्ही हातांनी मोटार चाचपत फिरली, माणसाचा चेहरा चाचपावा तशी. चाकं, दिवे, लांब नाक. बॉनेटवर तिच्या बोटांना ती पाच बोटं लागली. तिने विचारलं, हे काय? काकूंनी सांगितलं. म्हातारी हसली आणि कानडीत म्हणाली, "सवतीला कुंकू लावलंस? बरं केलंस. आता ती तुला छळायची नाही." मग जावयाला हाक मारून म्हणाली, "फार सुंदर रंग आहे हो."

वकील उठून आले. सासूला रंग दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत त्यांच्या रंगाला कोणी सुंदर म्हटलेलं नव्हतं. त्यांनी तिला आत बसवलं आणि गावातून वेशीपर्यंत हिंडवून आणलं. मागे सगळं गाव धावत होतं. काकू म्हणाल्या, "आई आत बसली होती आणि मी मागनं धावत होते बघा, परकर सावरत धावायचे तशी." सांगताना त्यांना रडू आलं, आणि मलाही गहिवरून आलं हे लिहायला लाजायचं कारण नाही. म्हातारी पुढच्या उन्हाळ्यात वारली.

ते दोघे परत आले, मोटार धुतली गेली, आणि पुसण्याचं नाव वकिलांनी पुन्हा काढलं नाही. तसं का, हे त्यांनी कबूल करणं शक्य नव्हतं. त्यांनी नवा सिद्धान्त काढला, की तेलात मुरलेली वस्तू कायद्याने मूळ रंगाचाच भाग होते. सकाळचं घासणं मात्र चालू राहिलं. एक दिवस मी खिडकीतून पाहिलं, तर सरळ घासण्याचा धर्म पाळणारे वकील त्या पाच बोटांभोवती बोळा जपून, हळूहळू, गोल फिरवत होते.

अति घासण्याचा परिणाम व्हायचा तो झाला. आधी चाकांवरची झाकणं करडी पडली, मग दारं, मग शेपटी. खालचा अस्तराचा शिशाच्या रंगाचा थर उघडा पडत गेला आणि वकील त्यालाच झळाळी म्हणू लागले. "बघा मास्तर, उठला की नाही?" मी होय म्हणत असे. खोल्यांचं भाडं वाढवलेलं नव्हतं त्यांनी. काही वर्षांनी अख्ख्या मोटारीवर गडद हिरवा मूळ रंग एकाच जागी उरला होता, त्या पाच बोटांच्या आसपास, जिथे त्यांना मनसोक्त घासता आलं नव्हतं.

वकील थंडीच्या दिवसांत छातीच्या दुखण्याने गेले. आजारपणातही त्यांचा हात पांघरुणावर सरळ, उशाकडून पायाकडे फिरत असे. काकू तो हात हातात घेऊन बसत.

दहाव्या दिवशी जे करतात ते बायकांनी केलं. आतल्या खोलीत काकूंच्या कपाळाचं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. मला त्या चालीची चीड आहे आणि त्या दिवशी जास्तच आली, पण मी अंगणातच उभा राहिलो. मग बायका बाहेर आल्या आणि त्यांच्यातल्या एकीला मोटार दिसली. कुजबुज झाली. सवाष्णीचं कुंकू घरात कुठेही राहता कामा नये, असं ठरलं. ज्या अक्कांनी एके काळी वकिलांना अडवलं होतं, त्याच ओला फडका घेऊन बॉनेटला भिडल्या. निघेना. मग कोणीतरी कोनाड्यातून विटेची पूड आणली आणि तिघीचौघी मिळून घासायला लागल्या.

तो आवाज ऐकून काकू दारात आल्या. मोकळं कपाळ, मोकळे हात.

"काय करताय गं?"

"तुमचं कुंकू हाय न्हवं हे," अक्का खाली मान घालून म्हणाल्या. "आता ऱ्हाऊन चालत न्हाय, बाई."

काकू पायऱ्या उतरून आल्या. बॉनेटवर तळहात ठेवला.

"माझं पुसलंत की आत्ता. हे मोटारीचं आहे. तिचा धनी जिवंत आहे अजून. मी आहे."

अक्कांनी फडका पदराखाली घेतला.